वीजदराच्या सुनावणीतली तुमची खुर्ची

विजेचे बिल हातात पडले की आपण दोनच गोष्टी बघतो. रक्कम किती आणि शेवटची तारीख कोणती. रक्कम फुगलेली असली की घरात थोडी चर्चा होते. गिझर कोण विसरले, पंखा कुणाच्या खोलीत रात्रभर फिरत होता. मग बिल भरले जाते आणि विषय संपतो.

या विषयाला आणखी थोडा वेळ द्या, अशी माझी तुम्हाला विनंती आहे. तुम्ही युनिटमागे किती पैसे मोजायचे, हे वीज कंपनी स्वतःच्या मर्जीने ठरवू शकत नाही. तिला आधी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे अर्ज करावा लागतो. त्या अर्जावर लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. त्यांचा विचार करूनच आयोगाला दर ठरवावा लागतो. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. अर्ज आल्यापासून १२० दिवसांत आयोगाने निर्णय द्यायचा असतो. या काळात तुमचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे.

पण म्हणणे मांडायला माणूस तर हवा. सुनावणीला मोठ्या कारखान्यांची माणसे येतात. यंत्रमागधारकांच्या संघटना येतात. ग्राहक संघटनांचे मोजके जाणते कार्यकर्ते न चुकता येतात. घरगुती ग्राहक संख्येने सर्वांत मोठा, आणि नेमका तोच तिथे फारसा दिसत नाही.

का येत नाही, ते मला माहीत आहे. कंपनीचा अर्ज शेकडो पानांचा असतो. तो आकडेमोड करणाऱ्या सल्लागार कंपन्यांच्या मदतीने तयार झालेला असतो. पुढच्या काही वर्षांत वीज किती लागेल, ती कुठून आणि केवढ्याला घ्यायची, गळती किती धरायची, खर्च कोणत्या ग्राहकावर किती टाकायचा, याचे तक्तेच्या तक्ते त्यात असतात. ते पाहून आपल्यासारख्याला वाटते की हे आपले काम नव्हे.

तसे वाटून घेऊ नका. त्या तक्त्यांतले बरेच आकडे तुमच्या गल्लीत, तुमच्या शेतात, तुमच्या मीटरवर तयार होतात. तिथे काय घडते, हे सल्लागारापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असते.

सुरुवात स्वतःच्या बिलापासून करा.

मागच्या बारा महिन्यांची बिले एका फाईलमध्ये लावा. मोबाइलवर बिल येत असेल तर एकदा छापून घ्या. आता ताजे बिल काढा आणि रकमेचे तुकडे वाचा. स्थिर आकार असतो. वीज आकार असतो. वहन आकार म्हणजे तारांवरून वीज तुमच्या घरापर्यंत आणण्याचे पैसे. इंधन समायोजन आकार असतो, तो महिन्यागणिक बदलू शकतो. वर सरकारचे वीज शुल्क लागते. ते कंपनीकडे राहत नाही, सरकारच्या तिजोरीत जाते.

मग मागचे रीडिंग आणि चालू रीडिंग बघा. मीटरवरचा आकडा स्वतः जाऊन वाचा. दोन्ही जुळतात का? बिलावर ‘सरासरी’ असा शेरा असेल तर मीटर न वाचताच बिल काढले आहे असे समजा. असे सलग दोन महिने झाले तर गप्प बसू नका. लेखी तक्रार द्या.

रीडिंग किती दिवसांनी घेतले, तेही मोजा. घरगुती दराचे टप्पे असतात. पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. टप्पा ओलांडला म्हणून सगळी युनिट महाग होत नाहीत, फक्त वरची होतात. पण रीडिंग उशिरा घेतले आणि जास्त दिवसांचा वापर एकाच महिन्यावर टाकला, तर विनाकारण वरच्या टप्प्यात जायची वेळ येते. जितक्या दिवसांचा वापर, तितक्या दिवसांचा टप्पा मिळायला हवा. तो मिळालेला नसेल तर मागून घ्या.

आणखी एक. तुम्ही भरलेली सुरक्षा ठेव तुमचीच असते. तिच्यावर व्याज देणे कायद्याने कंपनीवर बंधनकारक आहे. वर्षातून एकदा ते बिलात जमा होते. झाले का, बघा. उन्हाळ्याच्या तोंडावर जादा ठेवीचे वेगळे बिल आले की अनेक घरांत गोंधळ उडतो. ते बिल खोटे नसते. तुमचा वर्षाचा वापर वाढला म्हणून ठेव वाढवून मागितलेली असते. हिशेब विचारा, पटला तर भरा.

मीटर जास्त पळतो असा संशय असेल तर केंद्र सरकारचा एक नियम तुमच्या उपयोगाचा आहे. ग्राहक हक्कांच्या नियमांत २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. तुम्ही तक्रार केल्यावर कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर लावायचा आणि किमान तीन महिने दोन्ही मीटरची नोंद ताडून बघायची. तक्रार मात्र लेखी हवी. तोंडी सांगितलेले कुठेच नोंदले जात नाही.

घरचे एवढे झाले की मग दाराबाहेर बघा.

घर महिनाभर बंद असले तरी स्थिर आकार येतो, हे तुम्ही अनुभवले असेल. वीज कंपनीलाही असेच बिल येते, आणि ते फार मोठे असते. ती वीजनिर्मिती प्रकल्पांशी वीस-पंचवीस वर्षांचे करार करते. त्या करारांत प्रकल्पाचा स्थिर खर्च वेगळा असतो. प्रकल्प वीज द्यायला तयार असेल आणि कंपनीने ती घेतली नाही, तरी स्थिर खर्चाचे पैसे द्यावेच लागतात. ते पैसे शेवटी तुमच्या युनिटमध्ये मिसळतात. वितरण कंपनीच्या एकूण खर्चात वीज खरेदीचा वाटा सर्वांत मोठा असतो. म्हणून दर कमी हवा असेल तर आधी करारांकडे बघावे लागते.

महाराष्ट्राने याची जबर किंमत मोजली आहे. तरुण वाचकांना एन्रॉन हे नाव कदाचित फक्त ऐकून माहीत असेल. गुहागर तालुक्यात अंजनवेलला एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीचा प्रकल्प उभा राहिला. डिसेंबर १९९३ मध्ये तेव्हाच्या राज्य वीज मंडळाने तिच्याशी वीज खरेदीचा करार केला. हा प्रकल्प परवडणारा नाही, असे जागतिक बँकेने त्याच वर्षी सांगितले होते आणि कर्ज द्यायला नकार दिला होता. तरीही करार झाला. तो लोकांपुढे ठेवला गेला नाही. त्यावर सुनावणी नव्हती, कारण तेव्हा नियामक आयोगच नव्हता.

१९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला आणि पुढच्याच वर्षी अटी बदलून पुन्हा केला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. विजेचा दर डॉलरशी जोडलेला होता आणि ती महागड्या नाफ्त्यावर तयार होत होती. मंडळाला ती इतकी महाग पडू लागली की ती कमीत कमी घेण्याकडे कल गेला. पण स्थिर खर्च तर टळत नव्हता. वीज जितकी कमी घ्यावी तितके प्रत्येक युनिट महाग पडत गेले. दोन वर्षांत, मे २००१ मध्ये, प्रकल्प बंद पडला. त्याआधीच चौकशीसाठी माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती.

त्या काळात पुण्याच्या ‘प्रयास’ या लहानशा संस्थेतल्या काही अभ्यासकांनी कराराची आकडेमोड करून धोका आधीच दाखवून दिला होता. गिरीश संत त्यांतले एक. त्यांच्या हाताशी मोठी यंत्रणा नव्हती. मिळतील तितके कागद आणि साधे, चिकाटीने विचारलेले प्रश्न होते. हे मी मुद्दाम सांगतो आहे. वीजदराचा हिशेब म्हणजे काही तरी गूढ विद्या आहे, अशी समजूत आपल्याकडे फार खोल गेली आहे. ती निघायला हवी.

ऑगस्ट १९९९ मध्ये राज्यात नियामक आयोग आला आणि कागद उघडे पडू लागले. पहिल्या सुनावण्यांतच एक मोठी गोष्ट बाहेर आली. वीज मंडळ गळतीचा जो आकडा वर्षानुवर्षे सांगत होते, त्याच्यापेक्षा खरी गळती कितीतरी जास्त निघाली. ती तीस टक्क्यांच्या वर होती. मग इतकी वर्षे ती लपली कुठे? बरीचशी शेतीपंपांच्या नावावर. बहुतेक पंपांना मीटर नव्हते. किती हॉर्सपॉवरचा पंप, यावर बिल निघायचे. त्यामुळे शेतकऱ्याने किती वीज वापरली याचा अंदाजच बांधला जायचा. चोरीची आणि गळतीची वीज त्या अंदाजात सहज मावून जायची. शेतकऱ्याच्या माथी न वापरलेली वीज, आणि ती भरून काढायला शहरातल्या ग्राहकाच्या माथी जादा दर. दोघेही एकमेकांवर चिडलेले.

हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. तुम्ही शेतकरी असाल तर तुमच्या पंपाचा खरा हॉर्सपॉवर आणि बिलावरचा हॉर्सपॉवर एकच आहे का, ते आजच बघा. वर्षात किती महिने पंप चालतो, दिवसाला प्रत्यक्षात किती तास वीज येते, याची वहीत नोंद ठेवा. २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारने मोफत वीज दिली आहे, म्हणून हे बघायचे सोडू नका. मोफत म्हणजे ते पैसे सरकार कंपनीला देणार. ते किती विजेचे देणार, हे त्याच नोंदींवर ठरणार. अनुदान आगाऊ द्यायचे, असे कायद्याचे कलम ६५ सांगते. ते वेळेवर दिले जाते का, हा प्रश्नही सुनावणीत विचारता येतो.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो.

दरवाढीचा अर्ज आला की कंपनीला वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्यावी लागते. मराठी वर्तमानपत्रांतही ती येते. बारीक अक्षरांत असते, डोळ्यांखालून निसटते. घरात जो पेपर नीट वाचतो त्याला ती शोधायचे काम द्या. नोटिशीत हरकती पाठवायची शेवटची तारीख, पत्ता आणि सुनावणीचे ठिकाण असते. हाताशी साधारण तीन आठवडे मिळतात.

पूर्ण अर्ज वाचू नका. अर्जाचा सारांश मराठीत मिळतो, तो घ्या. कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, कार्यालयातही मागता येतो. चारपाच जणांनी मिळून एका संध्याकाळी वाचा. सोसायटीची सभा, बचत गट, ज्येष्ठांचा कट्टा, गावची ग्रामसभा, कुठेही चालेल. पिठाची गिरणी चालवणारा किंवा वेल्डिंगचे दुकान असलेला एखादा माणूस सोबत असेल तर फार बरे. विजेच्या बिलावर त्याची चूल चालते. त्याला प्रश्न लवकर दिसतात.

वाचताना थोड्याच गोष्टी शोधा. वीज न घेता कोणत्या प्रकल्पांना स्थिर खर्च दिला जातो आणि किती? गळती किती दाखवली आहे आणि मागच्या वेळी किती कमी करण्याचे सांगितले होते? जुनी तूट किती आहे?

या जुन्या तुटीकडे नीट लक्ष द्या. ‘यंदा दरवाढ नाही’ अशी बातमी आली की आपल्याला हायसे वाटते. पण खर्च खरोखर कमी झाला नसेल तर तूट फक्त पुढे ढकललेली असते. ती पुढच्या वर्षी व्याजासह वसूल होते. त्यामुळे दर वाढवू नका, एवढेच म्हणू नका. कोणता खर्च कमी करायचा, तेही सांगा. मला स्वतःला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो. पहिल्या मागणीला आयोग सहानुभूती देऊ शकतो. दुसरीला त्याला उत्तर द्यावे लागते.

कंपनी नव्या कामांवर खर्च दाखवते. उपकेंद्रे, नवी रोहित्रे, नव्या तारा. हा खर्च दरात येतो. तुमच्या भागात त्यातले काय झाले? गावची डीपी जळाल्यावर किती दिवसांनी बदलली? पावसाळ्यात किती वेळा वीज गेली? लाईनमन एकटा किती गावे सांभाळतो? तारा अजून झाडांतून जातात का? तारखांसह लिहा. सल्लागाराच्या तक्त्यात जे काम झाले म्हणून लिहिले आहे ते जमिनीवर नाही, हे फक्त तुम्हीच सांगू शकता. एका गावाने फोटोंसह दिलेल्या दोन पानी हरकतीला वजन असते.

विजेचा बाजारही आता बदलतो आहे, तेवढे समजून घ्या. २००८ पासून देशात विजेची खरेदी-विक्री करणारा बाजार चालतो. तिथे दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ भाग करून प्रत्येकाचा वेगळा भाव निघतो. दुपारी सौर वीज भरपूर असते, तेव्हा भाव खाली येतो. सूर्य मावळला की मागणी वाढते आणि भाव चढतो. कधी तो युनिटमागे १० रुपयांच्या ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेलाही टेकतो. म्हणून दिवसाच्या वापरावर सवलत आणि संध्याकाळच्या वापरावर जादा आकार, अशी रचना येत आहे.

तुमच्याकडे तासागणिक नोंद ठेवणारा मीटर असेल तर बिलावर दिवसाची सवलत दिसते का, बघा. दिसत असेल तर पाण्याची मोटर, इस्त्री, धुलाई यंत्र दुपारी लावा. पण एक गोष्ट सुनावणीत ठणकावून सांगा. दिवसभर कामावर असलेल्या नवरा-बायकोच्या घरात सगळा वापर संध्याकाळचाच असतो. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, पंखे. त्यांनी वापर दुपारी कसा हलवायचा? दर ठरवणाऱ्यांपुढे असे घर उभे राहिले पाहिजे, आणि ते तुम्ही सांगितल्याशिवाय उभे राहणार नाही.

हरकत मराठीत लिहा. एक पान पुरे. वर नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक. खाली तीन-चार मुद्दे, प्रत्येक मुद्द्यात एकच गोष्ट. शेवटी ‘मला सुनावणीत तोंडी म्हणणे मांडायचे आहे’ हे वाक्य विसरू नका. एक प्रत आयोगाला, एक कंपनीला, आणि पोच स्वतःकडे. वकील लागत नाही.

महावितरणच्या अर्जावर सुनावणी मुंबईच्या परिसराखेरीज पुणे, नागपूर, अमरावती यांसारख्या शहरांतही होत आली आहे. मुंबईत बेस्ट, टाटा आणि अदाणी यांचे अर्ज वेगवेगळे असतात. तुमचे बिल ज्याचे, त्याच्या सुनावणीला जा. गोव्यातल्या वाचकांसाठी आयोग वेगळा आहे. गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी मिळून एक संयुक्त आयोग काम करतो. गोव्याच्या वीज खात्याचे दर तो ठरवतो.

सुनावणीला गेलात की घाबरू नका. आवाज चढवू नका, भाषणही करू नका. तीन मिनिटांत तुमचे मुद्दे सांगा आणि कागद द्या. शक्य तर शेजारच्या एखाद्या बाईंना सोबत न्या आणि बोलूही द्या. घरातला विजेचा हिशेब बहुधा त्याच सांभाळतात.

आदेश निघाला की पाठ फिरवू नका. आदेशात प्रत्येक हरकतीवर कंपनीचे उत्तर आणि आयोगाचे मत दिलेले असते. तुमचे काय झाले, ते वाचा. आदेश निघाल्यावरही गोष्टी बदलतात. मार्च २०२५ च्या अखेरीस निघालेला महावितरणचा दर आदेश काही दिवसांतच थांबवला गेला. फेरविचारानंतर जूनमध्ये दर बदलले. ज्यांचे लक्ष मार्चनंतर उडाले, त्यांना हे जुलैच्या बिलावरच कळले. एखाद्या आदेशाविरुद्ध दाद मागायची तर दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे जावे लागते. त्याची मुदत ४५ दिवसांची. हे काम एकट्यादुकट्याचे नाही, ग्राहक संघटनेला गाठा.

दराचा प्रश्न वेगळा आणि तुमच्या स्वतःच्या बिलाची तक्रार वेगळी. चुकीचे बिल घेऊन सुनावणीला जाऊ नका. त्यासाठी आधी १९१२ वर आणि कार्यालयात लेखी तक्रार करा. काम झाले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावे लागते. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येते. आपल्या राज्यात मुंबई आणि नागपूर इथे लोकपाल बसतात.

आणि कुणी दारात येऊन ‘आत्ताच्या आत्ता वीज तोडतो’ म्हणाले तर शांतपणे नोटीस मागा. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कलम ५६ तसे सांगते. दोन वर्षांहून जुनी रक्कम, जी मधल्या बिलांत सलग दाखवलेली नाही, तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. रक्कमच मान्य नसेल तर ती ‘हरकतीसह’ असे लिहून भरता येते. मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम तशी भरली तरी वाद मिटेपर्यंत जोडणी सुरू राहते. हे कागदावर लिहून मीटरच्या पेटीजवळ चिकटवा, म्हणजे तुम्ही घरी नसताना सासूबाईंना किंवा मुलांना उत्तर देता येईल.